ताई, तो पार्ट अडवून धरू का?

"ताई, नमस्कार. भोसरी एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे, तीन सीएनसी, दोन व्हीएमसी अशी पार्ट कापायची मशीनं, चौदा माणसं. 2025 च्या उन्हाळ्यात आमच्या मेन कस्टमरचं इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरचं शेड्यूल अचानक निम्म्यावर आलं, विचारलं तर म्हणे चायनाने मॅग्नेट रोखलेत. मग अमेरिकेचा टॅरिफ (आयात कर) आला. तेव्हापासून घरी जेवताना रोज हाच विषय. बाबा (वय 71) म्हणतात रशिया हाच खरा मित्र, 71 साली कोण धावून आलं ते आठवा. धाकटा भाऊ हिंजवडीत आयटीत आहे, तो म्हणतो सरळ अमेरिकेच्या गटात जा नाहीतर चायना खाऊन टाकेल. मी म्हणतो कोणाच्याच नादी लागू नका, आपलं आपण बघा. परवा भाऊ भरल्या ताटावरून उठला, आईने आता जेवताना टीव्हीच बंद केलाय.

दुसरं म्हणजे त्याच कस्टमरवर माझा 80 टक्के धंदा आहे. पेमेंट 60 दिवसांचं 90 वर नेलं आणि वर दरवर्षी रेट कमी करा म्हणतात. फक्त एक हाऊसिंग (बाहेरचं कवच) आहे ज्याचं बोअर (आतलं अचूक भोक) आमच्याशिवाय दुसऱ्या दोन व्हेंडरना जमलं नाही, त्याच्या रेटला मात्र कोणी हात लावत नाही. बायको म्हणते त्या पार्टचा सप्लाय आठ दिवस बंद करा, पैसे कसे येत नाहीत बघू. करू का? आणि देशांच्या भानगडीत आमच्या तिघांत बरोबर कोण?
— एक वैतागलेला मशीनवाला, भोसरी"

ताई म्हणालास म्हणून सरळ अरे-तुरे करते, चालवून घे. तीस वर्षं कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं, सत्तासंतुलनाचा धडा दरवर्षी फळ्यावर बाण काढून काढून शिकवला आणि पोरं दरवर्षी शेवटच्या बाकावर झोपली. तुझं हे पत्र तेव्हा हातात असतं तर खडू वाचला असता. तुला वाटतंय तू दोन प्रश्न विचारलेस, पण एकच आहे तो.

आधी मॅग्नेट बघू, कारण तुझी मशीनं त्याने थांबली. 4 एप्रिल 2025 ला चीनने सात रेअर अर्थ मूलद्रव्यांवर (मातीतून मोठ्या खटपटीने वेगळे काढावे लागणारे धातू) आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या मॅग्नेटवर निर्यात परवाना लावला. बंदी नाही हं, परवाना. म्हणजे अर्ज करा, कशासाठी वापरणार ते लिहून द्या, आणि वाट बघा. त्या सातात डिस्प्रोशियम आणि टर्बियम आहेत, मोटर तापली तरी मॅग्नेट दमू नये म्हणून ते त्यात टाकतात, आणि किती टाकतात तर आमटीत हिंग टाकतो तेवढंच. पण हिंगाशिवाय फार तर आमटी बेचव लागेल, इथं अख्खी स्कूटर लाईनवरून उतरत नाही. (हिंगाचं पण बघ, तो आपल्याकडे जवळपास पिकतच नाही, अफगाणिस्तान इराणकडून येतो. रोज फोडणीत टाकतो आपण, कधी डोक्यात येतं का.)

आता गंमत अशी की रेअर अर्थवाली माती आपल्याकडे नाही असं अजिबात नाही, केरळ तमिळनाडू ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत ती आहे आणि त्यासाठीची सरकारी कंपनी 1950 पासून आहे. अमेरिकेकडे तर कॅलिफोर्नियात माउंटन पास नावाची खाण आहे, एके काळी सगळ्या जगाला तिथून माल जायचा, 2002 मध्ये तिने काम थांबवलं कारण चीनचा माल स्वस्त पडायला लागला आणि तिथल्या प्रदूषणाची कटकट वेगळी. चीनने काय केलं, तर ते घाण, किचकट, कमी पैशाचं शुद्धीकरणाचं काम दशकानुदशकं करत राहिला, आणि आज जगातलं साधारण 90 टक्के शुद्धीकरण त्याच्याकडे आहे. तुझ्या लक्षात आलं असेल मी कुठे चाललेय. माती म्हणजे तुझ्याकडे येतं ते कास्टिंग (कच्चा ओतीव पार्ट), ते कोणालाही बाजारात मिळतं. बोअर जमणं ही ताकद.

आता याचा पुढचा भाग बघ. त्याच एप्रिलमध्ये अमेरिकेने चीनवर टॅरिफ चढवत चढवत 145 टक्क्यांवर नेला होता, मे महिन्यात जिनिव्हात बोलणी झाली आणि तो 30 वर आला. एकट्या मॅग्नेटमुळे आला असं म्हणणार नाही, चीनशी व्यापार तोडणं अमेरिकेला इतरही दहा बाजूंनी दुखत होतं, पण मॅग्नेट त्या दुखण्यातलं एक मोठं कारण होतंच. आणि आपल्यावर? ऑगस्ट 2025 मध्ये आधी 25, मग रशियाचं तेल घेता म्हणून अजून 25, झाले 50. पण त्या 50 मधून काय वगळलं होतं ते बघितलंस का? औषधं आणि स्मार्टफोन. कोळंबी, कपडे, हिरे यांना पूर्ण फटका, आणि आपल्या गोळ्या मात्र सुखरूप, कारण अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या महाग झाल्या असत्या तर मार तिथल्याच सरकारला पडला असता. तुझ्या त्या हाऊसिंगच्या रेटला कोणी हात लावत नाही असं तू जाता जाता लिहिलंस ना, हे तेच आहे. (आणि त्या गोळ्यांचा कच्चा माल? त्यातला मोठा वाटा आपण चीनकडून आणतो. ही साखळी अशी कुठेच संपत नाही.)

म्हणजे ताकद मोजायची तर रणगाडे किती, जीडीपी किती, लोकसंख्या किती हे मोजून भागत नाही. समोरच्याला 'नाही' म्हटलं तर तुझं जास्त अडतं का त्याचं, एवढं बघायचं. तुझा कस्टमर तुला 90 दिवस थांबवतो कारण तुझं 80 टक्के त्याच्याकडे आहे आणि त्याच्या एकूण खरेदीत तू चिल्लर आहेस. तो दुष्ट आहे म्हणून नाही रे, त्याला परवडतं म्हणून.

आता तुमचं ताट. बाबांपासून सुरू करते.

बाबांचं म्हणणं निम्मं खरं आहे आणि ते निम्मं खूप मोठं आहे, त्यामुळे त्यांची टिंगल करायची नाही. डिसेंबर 1971 मध्ये, बांगलादेशच्या युद्धात, अमेरिकेने एंटरप्राइझ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे पाठवली होती आणि तिकडे सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचे ठराव सोव्हिएत युनियन नकाराधिकार वापरून हाणून पाडत होतं. त्या वयात रेडिओवर हे ऐकलेल्या माणसाला रशिया मित्रच वाटणार. पण जरा मागे जा. मार्च 1969 मध्ये उसुरी नदीवर सोव्हिएत आणि चिनी सैन्यात गोळीबार झाला, माणसं मेली. जुलै 1971 मध्ये अमेरिकेचे सुरक्षा सल्लागार किसिंजर पाकिस्तानातून गुपचूप बीजिंगला जाऊन आले. म्हणजे अमेरिका, चीन आणि पाकिस्तान एका बाजूला सरकताना मॉस्कोला दिसले आणि आपल्यालाही दिसले, आणि 9 ऑगस्टला दिल्लीत मैत्रीचा करार झाला. रशिया आला तो प्रेमाने आला का, तर प्रेमही असेल, पण त्याची अडचण आणि आपली अडचण त्या वर्षी एकाच ठिकाणी होती. आज त्याची अडचण दुसरीकडे आहे, युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यापासून चीनशिवाय त्याचं पान हलत नाही. हे दिल्लीत बसलेल्यांना कळतं, म्हणून तर शस्त्रखरेदीत रशियाचा वाटा 2009 ते 13 मध्ये 76 टक्के होता तो 2019 ते 23 मध्ये 36 वर आलाय. भांडण नाही, घोषणा नाही, फक्त हळूहळू दुसरे व्हेंडर उभे केले. आणि तेल? 2022 च्या आधी आपण रशियाकडून दोन टक्केही घेत नव्हतो, डिस्काउंट मिळायला लागला तसा एक तृतीयांशावर गेलो. ती मैत्री नव्हती, खरेदी विभागाचं काम होतं ते, आणि चांगलं काम होतं असं माझं मत आहे.

भावाचं जरा जास्त वेळ बघू कारण तो ताटावरून उठला, आणि दुसरं म्हणजे त्याच्या मुद्द्याचा निकाल पुण्यातच लागलेला आहे.

त्याला एखाद्या रविवारी गाडीवर बसवून संगम पुलाकडे ने. तिथं मुळा-मुठेच्या संगमावर इंग्रजांचा वकील, म्हणजे दरबारातला प्रतिनिधी, राहायचा, 1786 पासून मॅलेट. आणि इकडे वाड्यात नाना फडणीस. नानांनी 1780 च्या सुमाराला म्हैसूरचा हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना एकत्र करून इंग्रजांविरुद्ध चौकडी उभी केली. दहा वर्षांनी, 1790 मध्ये, त्याच हैदरच्या पोराविरुद्ध म्हणजे टिपूविरुद्ध त्याच इंग्रजांशी पुण्यात तह केला. तुझा भाऊ म्हणेल हा काय दुटप्पीपणा. पण नाना एकच गोष्ट बघत होते की या घडीला सगळ्यात जड पारडं कोणाचं आहे, आपण दुसऱ्यात बसायचं. 1792 मध्ये टिपूचं अर्धं राज्य गेलं, पण टिपू राहिला, कारण तो पूर्ण जाणं पुण्याच्या सोयीचं नव्हतंच.

मग नाना गेले 1800 मध्ये. 25 ऑक्टोबर 1802 ला यशवंतराव होळकरांनी हडपसरला शिंदे आणि पेशवे दोघांच्या फौजा मोडल्या. हो, आपलं हडपसरच, जिथं आता मगरपट्ट्याच्या सिग्नलला अर्धा तास जातो. दुसरा बाजीराव पळाला आणि 31 डिसेंबरला वसईला इंग्रजांच्या गटात गेला, अगदी तुझा भाऊ म्हणतो तसा, सगळ्यात बलवान असेल त्याच्या गटात. मिळालं काय, तर सहा हजारांची तैनाती फौज. दिलं काय, तर तिच्या खर्चासाठी 26 लाखांचा मुलूख, आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय कोणाशी लढायचं नाही की बोलणी करायची नाहीत. गादी परत मिळाली, खरंय. मे 1803 मध्ये पुण्यात परतला, आणि 1818 मध्ये तेही संपलं. एकाच कस्टमरला 80 टक्के देऊन बसणं म्हणजे काय ते तुझ्या भावाला नाही कळलं तरी तुला कळेल.

तरी भावाला एक कबूल करून टाक, नाहीतर तो पुन्हा उठेल. गटात जाणं नेहमी मूर्खपणा नसतो. फिनलंड कितीतरी दशकं तटस्थ होता, रशियाशी तेराशे किलोमीटरवर हद्द आहे त्याची, युक्रेनवर हल्ला झाल्यावर 2023 मध्ये नाटोत, म्हणजे अमेरिकेच्या लष्करी गटात, गेलाच. पंचावन्न-साठ लाखांच्या देशाने काय करायचं होतं? लहान असशील आणि शेजारी चालून येत असेल तर छत्री घ्यावी लागते, फक्त छत्रीचं भाडं असतं. ब्रिटनइतका जिवलग मित्र अमेरिकेला नसेल, तरी 1956 मध्ये इजिप्तच्या सुएझ कालव्यावर ब्रिटनचं सैन्य जिंकत असताना अमेरिकेने पौंड वाचवायला पैसे मिळू दिले नाहीत आणि ब्रिटनला लढाई थांबवून परत यावं लागलं. जवळच्याची नस जास्त नीट सापडते.

आता तू. तुला वाटलं असेल ताई माझ्या बाजूने. नाही. 'कोणाच्याच नादी लागू नका' हे ऐकायला फार स्वाभिमानी वाटतं, आणि नेमकं तेच पुणे दरबाराने 1799 मध्ये केलं. इंग्रज आणि निजाम टिपूवर चालून गेले, आपण बाजूला बसून बघितलं. 4 मेला टिपू पडला, आणि इंग्रजांना दक्षिणेत अडवणारा उरला कोण, तर आपणच एकटे. साडेतीन-चार वर्षांत वसई झालं. समतोल राखायचा म्हणजे घरात बसून राहायचं असं नसतं, तराजूच्या काट्यावर रोज लक्ष ठेवावं लागतं आणि वेळेला दोन दगड स्वतः उचलून टाकावे लागतात. म्हणून आपण अमेरिका-जपानबरोबर क्वाडमध्येही असतो आणि रशिया-चीनबरोबर ब्रिक्समध्येही, रशियाकडून एस-400 घेतो आणि फ्रान्सकडून राफेल. त्याच एस-400 साठी अमेरिकेने डिसेंबर 2020 मध्ये तुर्कस्तानवर निर्बंध लावले, तो तर नाटोतला. आपल्यावर लावले नाहीत, कारण चीनसमोर उभं राहायला त्यांना आपण हवे होतो. हे टिकवायला फार डोकं लागतं आणि ते दरवेळी जमतंच असं नाही, ऑगस्ट 2025 मध्ये नाही जमलं.

तर तिघांत बरोबर कोण? बाबा 1971 पुरते, भाऊ फिनलंडपुरता, आणि तू तुझ्या चिडचिडीपुरता.

आता मूळ मुद्दा, वहिनींचा. आठ दिवस सप्लाय बंद करू का?

नको. आणि का नको ते ऐक. सप्टेंबर 2010 मध्ये पूर्व चीन समुद्रात एक चिनी मच्छीमार बोट जपानी तटरक्षक दलाच्या बोटींवर आदळली, जपानने कप्तानाला धरलं, आणि त्यानंतर जपानकडे जाणारा रेअर अर्थचा माल अडकला. जपानने कप्तान सोडला. चीन जिंकला की नाही? त्या महिन्यात जिंकला. पण जपान्यांनी ते डोक्यात ठेवलं, ऑस्ट्रेलियातल्या खाणकंपनीत पैसे घातले, साठे केले, कमी रेअर अर्थमध्ये चालतील अशा मोटरी बनवायला घेतल्या, आणि चीनवरचं त्यांचं अवलंबन 90 टक्क्यांच्या आसपास होतं ते काही वर्षांत 60 च्या आसपास आणलं. अडवून धरायचं हत्यार असं असतं, ते दाखवून ठेवलं तर चालतं, वापरलं की समोरचा त्यावर औषध शोधायला लागतो. तू आठ दिवस लाईन थांबवलीस तर तुझे पैसे येतीलही, पण नवव्या दिवशी त्यांचा परचेसवाला तिसऱ्या व्हेंडरकडे ड्रॉइंग घेऊन उभा असेल, आणि सहा महिन्यांत बोअर जमवूनच दाखवतील.

तू म्हणशील कायदा आहे, छोट्या उद्योगांचं पेमेंट 45 दिवसांत करायचं असं 2006 पासून लिहिलेलं आहे. आहेच. तू तक्रार का केली नाहीस ते मला माहितीये आणि तुलाही. चीनच्या रेअर अर्थ कोट्याविरुद्ध अमेरिका, युरोप आणि जपान जागतिक व्यापार संघटनेत गेले होते, 2014 मध्ये केस जिंकले, चीनने कोटे काढलेसुद्धा. आणि अकरा वर्षांनी परवाना आला. कायदा उपयोगाचा असतो, मी तो फेकून दे म्हणत नाहीये, पण त्याच्या मागे उभं राहायला पायाखाली काहीतरी लागतं.

तर करायचं असं. त्या हाऊसिंगची पुढची रेट रिव्हिजन येईल तेव्हा रेट वाढवून मागू नकोस, त्यात त्यांना दुखेल आणि लक्षात राहील. त्याऐवजी म्हण की रेट आहे तोच राहू दे पण सगळ्या पार्टचं पेमेंट 45 वर आणा. धमकी नको, आवाज नको. एकच गोष्ट मागायची, आणि त्यांना आत देता येईल अशी. आणि त्याच दिवसापासून दुसरा कस्टमर शोध, आधी 80 चे 65 कर, मग 50. गाड्यांच्या बाहेरचा असेल तर अजून बरं, पंपवाला, मेडिकल इक्विपमेंटवाला, कोणीही. सुरुवातीला त्यात मार्जिन मिळणार नाही आणि घरी म्हणतील कशाला हा उपद्व्याप.

1980 च्या दशकात अमेरिकेने आपल्याला क्रे सुपरकॉम्प्युटर द्यायला खळखळ केली होती. मग 1988 मध्ये इथंच गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारात सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था उभी राहिली, विजय भटकरांनी टीम धरली आणि 1991 मध्ये परम 8000 हा आपला सुपरकॉम्प्युटर तयार झाला. तेव्हाही लोक म्हणालेच असतील की विकत मिळतंय त्यासाठी कशाला एवढा खटाटोप. 1966 मध्ये आपण सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणत होतो आणि व्हिएतनामवर आपण अमेरिकेला दोन शब्द सुनावले म्हणून तिथले अध्यक्ष जॉन्सनसाहेब महिन्या-महिन्याच्या हिशोबाने गव्हाची जहाजं सोडत होते. त्यानंतर गव्हाच्या नव्या वाणांमागे देश कसा लागला ते तुझ्या बाबांच्या पिढीने बघितलंय. गुरुवारी तुमची एमआयडीसीची सुट्टी असते ना, त्या दिवशी टीव्ही न लावता बाबांना विचार 72 च्या दुष्काळात रेशनच्या लाल मिलोची भाकरी कशी लागायची. रशिया-अमेरिका काही न काढता दोन तास बोलतील, भाऊपण बसेल ऐकत.

आणि एक राहिलं. कंपनीचा इंजिनिअर व्हिजिटला येऊन 'जरा फिक्स्चरचा (पार्ट पकडायच्या साच्याचा) फोटो पाठवा ना, रिपोर्टला लावायचाय' म्हणाला तर व्हॉट्सअपवर टाकून मोकळा होऊ नकोस. ड्रॉइंग त्यांचं आहे, फिक्स्चर तुझं आहे. सध्या त्यावर एक कापड टाकून ठेव.